खाकरणारी सायकल

माझ्या हातून तसं काही मोठं घडलं नव्हतं. मी फक्त घंटी वाजवली.

सायकल नवी होती, गिअरची. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं, आणि बायकोने माझ्या घोरण्याचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर घातल्यावर त्यांनी तेच जरा दरडावून सांगितलं. म्हणून हेल्मेट, हातमोजे आणि बसायच्या जागी गादी शिवलेली तंग चड्डी असा सगळा सरंजाम करून डिसेंबरातल्या एका सकाळी मी आमच्या कॉलनीमागच्या ट्रॅकवर उतरलो. निघताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, मागच्या दाराने जा."

हा ट्रॅक म्हणजे कालव्याच्या कडेने गेलेली लाल मातीची पट्टी. कुणासाठी आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांचा होता. चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे, एका कोपऱ्यात उभं राहून हसण्याचा व्यायाम करणारे, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे आम्ही सायकलवाले.

माझ्यापुढे दहा-बारा हातांवर एक बाई चालल्या होत्या, पट्टीच्या बरोबर मधून. मी घंटी वाजवली. त्या दचकून डावीकडे झाल्या. मी डावीकडूनच निघालो होतो. मग त्या उजवीकडे आल्या, पण तोवर मीही विचार बदलला होता. शेवटी त्यांना मी चुकवलं, मात्र त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत माझं हँडल अडकलं आणि मी पिशवीसकट मेंदीच्या कुंपणात गेलो.

बाई पडल्या नाहीत. त्या सावकाश खाली बसल्या. पिशवीतून फुलं सांडली. जास्वंद, तगर, गोकर्ण आणि चार-पाच सोनचाफे. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्या बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीशिवाय काही नाही, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. पण बाई निवृत्त मुख्याध्यापिका, शिवाय सकाळच्या चालणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा. त्यामुळे कुणाच्या कुंपणावरचा सोनचाफा कुठे जातो, यावर कुणी बोलत नसे.

मी मेंदीतून बाहेर यायची धडपड करत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने आत यायच्या आधी दारातूनच खाकरावं, अगदी तसं. पाहिलं तर एक उंच, काळी, चोवीस इंची जुनी सायकल, आणि तिच्यावर कानटोपी घातलेला सत्तरीचा माणूस. सायकल चालू होती, पण इतकी हळू, की ती उभी का राहत नाही किंवा पडत का नाही हे कळेना.

"लागलं का?" त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी मानेने नाही म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ब्रेक कोरडा हे तुमचा. आन् घंटीत लय हुकूम हे, भाऊ."

एवढं बोलून ते थांबलेसुद्धा नाहीत. मी मेंदीतच होतो. मला तो माणूस अत्यंत आगाऊ वाटला.

सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. पोलिसातले नव्हेत. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची उभी नोकरी झाली होती. मूळचे चांदवडकडचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तपासणी सुटली नव्हती. बाकावर बसायच्या आधी ते बाकाला बोटाच्या पेराने दोनदा ठोकत आणि कान देत. नारळ घेताना आपण हलवून बघतो, ते दाराच्या कडीपासून हसण्याच्या व्यायामवाल्यांपर्यंत सगळ्यांचा आवाज घेत. "तो तिसरा माणूस मनापासून हसत नाय," असं ते एकदा मला म्हणाले. पुढे त्या तिसऱ्या माणसाने खरंच येणं सोडलं.

गेटापाशी फेरी संपवून आलेल्या सायकली ते तपासत. कुणी सांगितलेलं नसे. सायकलीत खोट निघाली की खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढून हँडलला बांधत. कारखान्यात नापास भागाला लाल टॅग लागतो आणि टॅग लागला की तो भाग जागचा हलवायचा नाही, हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला. दुसऱ्या दिवशी माझ्या हँडलला दोरा बांधून म्हणाले, "ब्रेक करून आणा, मग मी सोडतो." घरी बायकोने तो दोरा पाहिला. "त्र्यंबकला जाऊन आलात की काय?" म्हणाली, आणि हात जोडले. ब्रेक दुरुस्त झाला तरी तिने आठवडाभर तो दोरा काढू दिला नाही. रोज सकाळी इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत आणि मान हलवत.

त्यांच्या स्वतःच्या सायकलला घंटी होती, पण तिची जीभ त्यांनी काढून टाकली होती. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान होतं.

"घंटी काय म्हणती? बाजूला व्हा. आन् खाकरणं काय म्हणतं? मी येतोय, तुमचं चालू द्या. आमचे वडील घरात यायच्या आधी दारातून खाकरायचे. आतल्या बायका सावरून बसायच्या, पण कुणी उठून पळायचं नाय. हे चालणारे हायेत ना, हे घरातले. आपण चाकावरचे, बाहेरून आलेलो."

खाकरण्याचे प्रकार होते. एकट्या माणसासाठी एक, आखूड. दोन बायका बोलत चालल्या असतील तर जरा लांब, म्हणजे त्यांचं वाक्य पुरं होतं. कांद्याच्या भावावर वाद घालणाऱ्या पुरुषांसाठी घसा खरवडून, दोनदा. गाणी ऐकायला कानात बोंडं घातलेल्यांवर मात्र इलाज नव्हता. एक मुलगी रोज तशी चालायची. एकदा ते दोन फेऱ्या तिच्या मागेच राहिले.

"अहो, पुढे जायचं ना," मी म्हणालो.

"घाई कुणाला हे?"

घाई त्यांना खरोखरच नव्हती. कारखान्याच्या खेळांत हळू सायकल चालवण्याची शर्यत असे, पाय न टेकता शेवटी येईल तो पहिला. ती त्यांनी ओळीने कितीतरी वर्षं जिंकली होती. घरी पेले आहेत म्हणाले. ऑफिसात मीही बहुतेक गोष्टींत शेवटी येतो, पण मला कुणी पेला दिलेला नाही.

महिनाभर मी हा माणूस रोज बघत होतो, आणि रोज त्याच्यापुढे वीस पावलांवर हिरव्या शालीतली एक बाई चालत होती, हेही बघत होतो. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मान खाली न घालता, हात हलवत, झपझप. पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, टाकीपाशी वळायची, परत यायची. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. नाही आलं.

त्याच सुमारास मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज फिरवला. ट्रॅकवर सायकलींना बंदी करावी, अशी चालणाऱ्या नागरिकांची विनंती. त्या कागद घेऊन माझ्यापाशी आल्या, तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. त्यांच्या डोळ्यांत अजून तो सोनचाफा होता.

"तुम्ही स्वतः सायकलवाले आहात. तुमची सही असली तर वजन पडेल," त्या म्हणाल्या.

मी सही केली. त्यांच्याशी एकदाचं मिटावं म्हणून केली, आणि अशा अर्जांचं कधी काही होत नाही या खात्रीनेही केली. पुढे कळलं, त्या कागदावर सगळ्यात वरती माझंच नाव होतं.

सहीनंतर चार-आठ दिवसांचीच गोष्ट. एका सकाळी मी चांगुलपणाने इन्स्पेक्टरांना म्हणालो, "ती हिरव्या शालीतली बाई रोज तुमच्या आडवी येते. आज काढा ना पुढे."

ते हँडलवर हात ठेवून जरा वेळ हसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं झाली. अजून जमलं नाय."

मला कळायला दोन पावलं जावी लागली.

मग त्यांनी सांगितलं. पुढे तिच्यापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून हळू सांगितलं. तीनेक वर्षांपासून तिला विसर पडू लागला होता. आधी गॅस, मग नातवांची नावं, मग घराची गल्ली. डॉक्टर म्हणाले, चालवा रोज, पण एकटं सोडू नका. चालायला ती एका पायावर तयार, पण कुणी हात धरला की झिडकारायची. मी काय आजारी आहे का, म्हणायची. आणि यांचे दोन्ही गुडघे गेलेले. पन्नास पावलं चालले की पाय धरायचे. सायकलवर मात्र काही वाटायचं नाही.

"तिचे पाय धड, माझं डोकं धड. दोघांत मिळून एक माणूस होतो," ते म्हणाले.

घंटी वाजवून पाहिली होती. ट्रॅकवर मधोमध उभी राहून रडू लागली. शेजारून सायकल चालवली तर हा कोण परका माणूस लगट करतोय म्हणून वैतागली. मग एकदा सहज त्यांना खाकरायला झालं, आणि ती मागे न बघता म्हणाली, "आलात का? चला." त्या दिवसापासून हे असं. वीस पावलं मागे राहून हे खाकरत जातात, ती पुढे निवांत चालते. टाकीपाशी दोनदा खाकरलं की ती वळते.

"आणि नाही खाकरलात तर?"

"तर कशाला वळंल? तिच्या लेखी मी अजून मागून येतोच हे."

टाकीच्या पुढे ट्रॅक जेमतेम दोनशे पावलं जातो आणि दुसऱ्या गेटाशी संपतो. तिथून थेट मोठा रस्ता, सकाळपासून भाजीचे टेम्पो आणि शाळांच्या बसगाड्या. म्हणजे घंटीच्या जिभेचं ते सगळं तत्त्वज्ञान, आखूड-लांब खाकरणं, चाकावरचे आणि घरातले, हे सगळं खरं होतंच, पण त्याच्या पुढे वीस पावलांवर ती हिरवी शाल होती. मी म्हणणार होतो, की अहो, मी एका कागदावर सही केली आहे. म्हणालो नाही. अर्जांचं काही होत नाही, हे मी स्वतःला पुन्हा एकदा सांगितलं.

फेब्रुवारीत बोर्ड लागला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'सायकलींना सक्त बंदी'. 'सक्त' कुठून आलं कुणास ठाऊक, अर्जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पायीच गेलो. गेटाबाहेर ती उंच काळी सायकल स्टँडवर लावलेली, कुलूप घातलेली. हँडलला लाल दोरा. त्यांनी स्वतःच बांधलेला.

आत चाळीसेक पावलांवर इन्स्पेक्टर बाकावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा पांढरा पडलेला. ते खाकरत होते, एकसारखे, मोठ्याने. आजूबाजूचे लोक त्यांना पाणी हवं का विचारत होते.

"भाऊ, ती थांबली नाय," ते मला म्हणाले. "गेटातून सुटली ती गेलीच. मी निघालो मागं, हे इथवर आलो. आवाज पोचत नाय आता. टाकीपाशी गेली असंल."

"सायकल आणा ना आत."

"बोर्ड हे."

"गेला खड्ड्यात बोर्ड."

"बोर्ड खोटा नाय. माणसं पडत्यात. तुम्हीच पाडलं नाय का बाईंना?" हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. तपासणीत निघालेली गोष्ट सांगावी तसं बोलले. मग एकदम त्यांचा आवाज बसला. "मला फक्त तिच्यापर्यंत आवाज पोचवायचा हे, भाऊ."

मी किल्ली मागितली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मला वाटतं माझा आवाज घेतला, आणि दिली.

चोवीस इंची सायकलवर मी त्याआधी शाळेत असताना बसलो होतो, तेव्हाही दांड्याखालून पाय घालून. कसाबसा चढलो आणि गेटातून आत घुसलो. समोर सगळा ट्रॅक चालणाऱ्यांनी भरलेला. हात घंटीकडे गेला, तिला जीभ नव्हती. मग मी खाकरलो. माझं पहिलं खाकरणं इतकं भिकार होतं, की हसण्याच्या व्यायामवाल्यांना ते त्यांच्यातलंच वाटलं. पण दुसरं बरं निघालं, तिसरं त्याहून. आणि नवल म्हणजे लोक बाजूला होत गेले, दचकून नव्हे, नुसते अंग चोरून, वळूनही न बघता. कांद्याच्या भाववाल्यांसाठी मी घसा खरवडून दोनदा खाकरलो. त्यांनीही वाट दिली.

टाकी मागे पडली. हिरवी शाल दिसली. गेटाच्या तोंडाशीच होती. पलीकडून टेम्पो जात होते. ती उभी राहून इकडेतिकडे बघत होती, आणि तिचा एक पांढरा बूट उंबऱ्यासारख्या त्या दगडी काठावर होता.

मी ब्रेक दाबले. ते ओले-कोरडे काहीही नव्हते, उत्तम होते. मी दोनदा खाकरलो.

तिने बूट मागे घेतला. वळली. माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "किती वेळ लावलात. चला," म्हणाली, आणि माझ्या शेजारून झपझप परत निघाली.

सगळ्यात अवघड काम आता होतं. वीस पावलं मागे राहून, चालण्याच्या वेगाने, पाय न टेकता ती सायकल चालवायची. मी झोकांड्या खात, खाकरत निघालो. मध्येच ती पाठमोरीच म्हणाली, "आज घसा बसलाय तुमचा. घरी गेल्यावर आलं-गूळ देते." त्या आवाजात काही विसरल्याची खूण नव्हती.

निम्म्या वाटेवर मुख्याध्यापिका बाई समोर आल्या. सायकल, मी आणि सक्त बंदीचा दुसरा दिवस. पिशवी छातीशी धरून त्या वाटेतच उभ्या राहिल्या. "हे काय चालवलंय तुम्ही? पहिली सही तुमची आहे."

मला उत्तर द्यायचं होतं. पण बोलायला लागलो असतो तर खाकरणं थांबलं असतं, आणि खाकरणं थांबलं असतं तर पुढची शाल थांबली असती किंवा थांबली नसती. मी बाईंच्या डोळ्यांत बघून खाकरलो. त्या आधी संतापल्या. मग त्यांनी पुढे चाललेल्या बाईकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि तशाच आमच्या मागून येऊ लागल्या.

आम्ही बाकापाशी आलो तेव्हा इन्स्पेक्टर उठायचा प्रयत्न करत होते. त्यांनी खाकरायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्यांची बायको शेजारी बसली आणि पाण्याची बाटली पुढे करून म्हणाली, "दम लागला ना? सांगत होते, हळू चालवा."

बाईंनी इन्स्पेक्टरांना एवढंच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"अर्ज माझ्याकडे आलाच नाय, बाई. आन् तुमची तक्रार बरोबरच होती."

तो बोर्ड काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या, पुन्हा महिने. बाईंनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला, त्यावरही पहिली सही माझी घेतली. पण तोवर काय? त्या सकाळी सहाला गेटाशी आल्या, आपली फुलांची कापडी पिशवी बोर्डाच्या कोपऱ्याला अडकवली आणि नीट पसरवली. निळ्यावरची सगळी अक्षरं झाकली गेली. मग रिकाम्या हाताने फेरीला निघून गेल्या. त्या दिवशी कॉलनीतल्या कुंपणांवरची फुलं जागच्या जागी राहिली.

इन्स्पेक्टर सायकल घेऊन आले. त्यांनी बोर्डाकडे बघितलं. पिशवीला बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, कान दिला.

"टॅग दिसत नाय," ते म्हणाले. "म्हणजे पास."

आणि हँडलचा लाल दोरा सोडून खिशात टाकला.

त्यानंतर दोन हिवाळे ती पिशवी रोज सकाळी तासभर बोर्डावर असायची. मग ती दोघं मनमाडला लेकीकडे राहायला गेली. तिकडे घरापुढे लांबलचक सरळ रस्ता आहे, वर्दळ नाही, असं निघताना सांगत होते. जाताना त्यांनी माझ्या सायकलच्या घंटीची जीभ काढली. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही.

पण त्या टेम्पोंच्या दिवशीचं घरचं सांगायचं राहिलं. मी घरी आलो तेव्हा घसा पार गेला होता. बायकोने चहात आलं ठेचून घातलं. मी तुटक आवाजात सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं, तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. ती सही ऐकून रागावेल असं वाटलं होतं, पण ती नुसती कप हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "माझं तसं काही झालं ना, तर मागून खाकरत वगैरे येऊ नका. मला कळायचं नाही कोण आहे ते. तुम्ही आपले घोरत या. मी बरोबर ओळखेन."